आमच्या छापखान्यातला म्हातारा

आमच्या छापखान्यात येणारे नवे गिऱ्हाईक आधी हसते आणि मग कामाचे बोलते. हसण्याचे कारण मी नव्हे, माझ्या टेबलावरचा संगणक. त्याची पेटी पिवळी पडली आहे, कळफलकावरची निम्मी अक्षरे बोटांनी पुसून गेली आहेत, आणि तो सुरू केला की पडद्यावर एक हिरवीगार टेकडी आणि निळे आभाळ उगवते. ज्यांनी तिशी ओलांडली आहे ते टेकडी पाहताच "अरे, एक्सपी!" असे ओरडतात, जणू शाळेतले मास्तर आठवड्याच्या बाजारात अवचित भेटले. ती टेकडी अमेरिकेतील कॅलिफोर्नियाची. चार्ल्स ओरिअर या छायाचित्रकाराने १९९६ साली ती टिपली. आमची भावडबारी श्रावणात थेट तशीच दिसते. उरलेले आठ महिने कशी दिसते, ते न सांगितलेले बरे.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना भावडबारी ठाऊक असण्याचे कारण नाही. चांदवडहून हा घाट ओलांडून सटाण्याकडे निघाले की आमचे देवळा लागते. कांदा, डाळिंब आणि लग्ने ही येथली मुख्य पिके. वडिलांनी येथे छापखाना घातला तेव्हा खिळे होते आणि पायाने चालणारे ट्रेडल होते. मी सहावीत असताना जुळाऱ्याच्या शेजारी उभा राहून खिळे जुळवावयास शिकलो. काना एका खणात, मात्रा दुसऱ्या खणात, अर्धा 'म' तिसऱ्यात. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, म्हणून जुळवतानाही ती आधी घ्यायची. ही सवय बोटांत अशी मुरली की पुढे ती माझ्या मुळावर आली. पण ते नंतर.

२००४ साली खिळे भंगारात गेले आणि हा संगणक आला. त्याला चालविणारी कार्यप्रणाली विंडोज एक्सपी. ती २००१ च्या ऑक्टोबरात निघाली होती, म्हणजे तेव्हा ताजीच. पाने मांडण्यासाठी पेजमेकर, आणि अक्षरांसाठी मराठीचा एक संच. त्या काळी महाराष्ट्रातल्या छापखान्यांत श्रीलिपी, आकृती, एपीएस अशी निरनिराळी घराणी नांदत होती. गवयांच्या घराण्यांप्रमाणेच एकाचे दुसऱ्याला कळत नसे. माझे घराणे कोणते ते सांगत नाही. उगीच कोणी रागवायचे. या संचाबरोबर काडेपेटीएवढे एक कुलूप येई. संगणकाच्या पाठीमागे जुन्या प्रिंटरची तार लावण्याची जी पंचवीस छिद्रांची खाच असे, तीत ते खोचले तरच मराठी अक्षरे उमटत. नव्या संगणकांना ती खाचच नसते. माझ्या एक्सपीप्रेमाचे निम्मे रहस्य त्या पंचवीस छिद्रांत आहे.

उरलेले निम्मे खिळ्यांत आहे. ते जुने मराठी अक्षरसंच म्हणजे वडिलांची खिळ्यांची केसच होती. इंग्रजी अक्षरांसाठी आणि चिन्हांसाठी संगणकात जे अडीचशे-एक खण होते, त्यांत आमचे काने, मात्रा आणि अर्धी अक्षरे भरून ठेवलेली. संगणकाला वाटे आपण इंग्रजीच लिहीत आहोत. वरून फक्त मराठी मुखवटा. म्हणून तो संच नसलेल्या यंत्रावर तीच पत्रिका उघडली, तर 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि टिंबांचा कचरा दिसतो. मला त्याचे काही वाटत नसे. पहिली वेलांटी आधी, काना नंतर. हात वडिलांच्याच वाटेने जात होता.

माझी मुलगी पुण्याला संगणकाच्याच कामात आहे. ती दर दिवाळीला फराळाबरोबर मला एक व्याख्यान वाढते. "आण्णा, ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीची देखभाल बंद झाली. हे कडी नसलेलं घर आहे."

मी म्हणालो, "म्हणूनच ते मी रस्त्यावर ठेवलं नाही." आमच्या म्हाताऱ्याला इंटरनेटचे वारेही लागू दिलेले नाही. शिवाय या बाबतीत मी एकटा वेडा नव्हतो. देखभाल थांबल्यावर ब्रिटनच्या सरकारने पंचावन्न लाख पौंड मोजून आणखी एक वर्षाची सोय करून घेतली होती. आपल्याकडे नोटा देणाऱ्या एटीएम यंत्रांतही एक्सपी होती. ती २०१९ च्या जूनपर्यंत बदला, असे रिझर्व्ह बँकेला २०१८ मध्ये बँकांना बजावावे लागले. आणि २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा खुद्द कंपनीने निवृत्त एक्सपीसाठी मुद्दाम दुरुस्ती दिली. हे मी मुलीला विजयी मुद्रेने सांगितले. ती म्हणाली, "दुरुस्ती द्यावी लागली, याचा अर्थ तुम्ही उलटा लावताय." मी चकली खाल्ली.

खरे सांगायचे तर मला एक्सपी आवडते ती ती माझे काम चालू असता मध्ये बोलत नाही म्हणून. ती स्वतःला बदलून घेण्यासाठी भर लग्नसराईत अर्धा तास अडून बसत नाही. जे बटण काल डाव्या कोपऱ्यात होते ते आज डाव्या कोपऱ्यातच असते. नवे ते सारे वाईट, असे मी म्हणत नाही. परंतु दर काही वर्षांनी घरातली चूल हलविणाऱ्यांनी एकदा तरी स्वयंपाक करून पाहावा.

गेल्या पावसाळ्यात मात्र एक गोष्ट घडली. आमच्या भागातले एक निवृत्त गुरुजी आता हयात नाहीत. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या आमच्या 'कसमादे' पट्ट्यात हिंडून त्यांनी बायकांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. काही मराठी, काही अहिराणी. २००६ साली मी त्यांची चौसष्ट पानांची पुस्तिका छापली. गुरुजींची कन्या ठाण्याला असते. तिच्याकडे एकच प्रत उरली होती आणि तिची मधली सोळा पाने, म्हणजे पुरा एक फर्मा, वाळवीने खाल्ली होती. वहीचा पत्ता नव्हता. "काका, तुमच्याकडे असेल ना?" तिने फोनवर विचारले. मी ऐटीत म्हणालो, "बाई, माझ्याकडे वीस वर्षांचं सगळं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबले. पंखासुद्धा फिरला नाही.

दुरुस्तीवाला आला, त्याने पेटी उघडली, हळहळला. "वीज पुरविणारा डबा गेला असेल तर मिळेल, आण्णा. आतला मोठा बोर्ड गेला असेल तर असला आता कुठून आणू?" आतली तबकडी काढून फाइल दुसऱ्या यंत्रावर नेता आली असती, पण ती तेथे वाचणार कोण? तिला तो अक्षरसंच हवा, त्याला ते कुलूप हवे, त्या कुलपाला ती खाच हवी. सोळा पानांतल्या ओव्या ज्यांनी गायिल्या त्या बहुतेक बायका गेल्या. इंटरनेटचे वारे लागू न देण्याचा माझा सारा बंदोबस्त त्या रात्री मला आठवला. बाहेरून येणाऱ्या चोरासाठी तो होता. आत म्हातारपण आहे, हे मी धरलेच नव्हते. दोन रात्री मला झोप लागली नाही. सौ. काही बोलली नाही, हे त्याहून वाईट.

तिसऱ्या दिवशी मालेगावच्या जुन्या सामानाच्या दुकानातून डबा आला. टेकडी उगवली. मी देवासमोर गूळ ठेवला आणि प्रथम चौसष्ट पाने कागदावर काढून घेतली.

मग मुलीचे राज्य सुरू झाले. तिच्या नव्या लॅपटॉपवर युनिकोड नावाची पद्धत आहे. ती १९९१ सालापासूनची. आमच्याकडे उशिरा पोचली, इतकेच. तीत मुखवटा नाही. 'क' ला जगात सगळीकडे एकच क्रमांक, २३२५; मग तो देवळ्यात लिहा की लंडनमध्ये वाचा. तिने एका यंत्रणेतून ओव्या नव्या पद्धतीत ओतल्या आणि पानापानावर गोंधळ उडाला. युनिकोडात आधी अक्षर आणि मग वेलांटी, म्हणजे तोंडाने बोलतो त्या क्रमाने. आमच्या जुन्या संचात नेमके उलट. पहिल्या वेलांट्या पोरक्या पोरांसारख्या भटकत होत्या, रफार शेजारच्या अक्षरावर चढून बसले होते, जेथे काही जमले नाही तेथे टिंबांचे पोकळ वर्तुळ.

अकरा रात्री आम्ही ते निस्तरले. सौ. कागदावरचे मोठ्याने वाची आणि मी पडद्यावर दुरुस्त करी. चाळिसाव्या पानावर ती थांबली. "हे 'बहीण' नव्हे, 'विहीण' आहे. माझी आई म्हणायची ही ओवी. बहिणीला असं टोचून कोण बोलेल?" ठाण्याला फोन केला. गुरुजींच्या कन्येने तिकडून ओवी गुणगुणून पाहिली आणि म्हणाली, "काकू, विहीणच." म्हणजे ती चूक माझीच, २००६ सालची, वीस वर्षे छापील पानात बसली होती, आणि गुरुजींनीही भिडेपोटी मला कधी सांगितली नसेल.

आता ओव्या ठाण्याला फोनवर वाचल्या जातात. एक प्रत मुलीकडे आणि एक माझ्याकडे आहे. उरलेल्या फाइलींपैकी महत्त्वाच्या आम्ही वर्षभरात काढणार आहोत. गावाच्या यात्रेची हस्तपत्रके धरायची की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. नव्या लॅपटॉपवर रोज तासभर बसतो. हात पहिली वेलांटी आधीच टाकतो, पडद्यावर ते पोकळ वर्तुळ उमटते, आणि मुलगी पुण्याहून विचारते, "आण्णा, आज किती वर्तुळं?"

पत्रिका मात्र अजून म्हाताऱ्यावरच. तुळशीचे लग्न लागले की रीघ सुरू होईल. उमराण्याची पहिली पत्रिका तर आलीसुद्धा. प्रूफ आज संध्याकाळी द्यायचे आहे.