बीटमॅचिंग : लय, मात्रा आणि सम

नृत्यगृहात एकामागून एक ध्वनिमुद्रिका वाजविताना मध्ये खंड पडू न देणे हे डीजेचे मुख्य कौशल्य होय. न्यूयॉर्कच्या ‘सँक्च्युअरी’ या नृत्यगृहात फ्रान्सिस ग्रासो याने १९७० च्या सुमारास ते रूढ केले. पहिली ध्वनिमुद्रिका संपण्यापूर्वीच दुसरी तिच्यात मिसळावयाची, आणि तीही नाचणाऱ्यांचे पाऊल न अडखळता. या क्रियेस ‘बीटमॅचिंग’ ही एकच संज्ञा आहे. परंतु पृथक्करण केले असता तीत तीन भिन्न क्रिया आढळतात, आणि त्यांच्या निर्देशासाठी लय, मात्रा व सम हे शब्द मराठीत पूर्वीपासून उपलब्ध आहेत.

पहिली क्रिया लयसाम्याची. चालू गीताची गती मिनिटाला १२६ मात्रा आणि येणाऱ्या गीताची १२० असेल, तर दुसऱ्याची तबकडी ५ टक्के अधिक वेगाने फिरवावी लागते. १९७९ सालच्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या यंत्रावर सरकत्या खटक्याने वेग ८ टक्क्यांपर्यंत कमीअधिक करता येई. मात्र तबकडीचा वेग बदलला की स्वरही बदलतो. सुमारे ६ टक्के वाढीने गीत एका श्रुत्यंतराने नव्हे, तर पुरत्या अर्ध्या स्वराने चढते.

दुसरी क्रिया मात्रा जुळविण्याची. लय समान असूनही दोन्ही गीतांचे आघात एकाच क्षणी पडतील असे नाही. म्हणून डीजे एका कानाने हेडफोनमधील येणारे गीत व दुसऱ्या कानाने सभागृहातील चालू गीत ऐकतो, आणि तबकडीच्या कडेला बोट लावून तिला किंचित रोखतो वा पुढे ढकलतो. येथे चुकीला फार थोडा वाव असतो. एका गीताची गती १२० व दुसऱ्याची १२१ असेल, तर एकत्र निघालेले आघात ३० सेकंदांत अर्ध्या मात्रेने दुरावतात. जुन्या मुद्रणांत ड्रम प्रत्यक्ष वादक वाजवीत असल्याने लय मुळातच हलती असे. तेथे ही दुरुस्ती अखंड करावी लागते.

तिसरी क्रिया समेची. नृत्यसंगीताची रचना बहुधा चार-चार मात्रांच्या गटांनी होते, आणि असे आठ गट मिळून ३२ मात्रांचा एक खंड बनतो. या खंडाच्या पहिल्या मात्रेस येथे सम म्हटले आहे. तबल्याच्या ठेक्याशी तिचे पूर्ण साम्य नाही; ती बोलांनी नव्हे, तर नवे वाद्य येण्याने वा जाण्याने कळते. सम चुकली, तर प्रत्येक आघात जुळूनही एका वाक्याच्या मध्येच दुसरे वाक्य सुरू झाल्यासारखे वाटते.

आजची संगणकीय साधने लय व मात्रा बहुतांशी आपोआप जुळवितात, आणि स्वर न बदलता वेगही बदलतात. त्यावरून हे कौशल्य लोपले असा निष्कर्ष काढला जातो. तो तीन क्रिया एका संज्ञेत कोंडल्याचा परिणाम आहे. कोणत्या गीतानंतर कोणते गीत, आणि ते कोणत्या समेवर आणावयाचे, हा निर्णय समोरचा नाचणारा समूह पाहूनच घ्यावा लागतो.