पावसाचे कप्पे आणि संगणकाची शिकवणी
विशेष प्रतिनिधी

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याची नोंद होती सुमारे ७३ मिलिमीटर. अशा नोंदींवरून शहरात पाणी कधी तुंबेल, याचा अंदाज बांधण्यास संगणकाला शिकवायचे असेल, तर आकडे जसेच्या तसे द्यावेत की त्यांचे गट पाडावेत? मशीन लर्निंगच्या अभ्यासकांना हा प्रश्न रोज पडतो. शालेय गणितात वारंवारता सारणी करताना आपण जे वर्ग पाडत असू, त्याचाच हा थोरला भाऊ म्हणावा लागेल.

गट पाडण्यामागे कारण आहे. साध्या सरळ रेषेच्या सूत्राला प्रत्येक मिलिमीटरचे मोल सारखेच वाटते. प्रत्यक्षात तसे नसते. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजल वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. तोवर पाणी वाहून जाते. त्यापुढे, विशेषतः भरतीच्या वेळी, ते रस्त्यावर साचते. कप्पे पाडले, की अशी ‘उडी’ सूत्राला दिसू लागते.

मात्र कप्पे पाडायचे कसे, येथेच खरी मेख आहे. शून्य ते ९४४ या पट्ट्याचे समान रुंदीचे पाच भाग केले, तर प्रत्येक भाग सुमारे १८९ मिलिमीटरचा होईल. मग कोरडा ठणठणीत दिवस आणि १८० मिलिमीटर कोसळलेला दिवस एकाच कप्प्यात! एका अपवादात्मक दिवसाने अन्य सर्व दिवसांमधील फरक पुसून टाकला. प्रत्येक कप्प्यात सारखेच दिवस घालावेत, हा दुसरा उपायही येथे फसतो. वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस पाऊस नसतोच. त्यामुळे पहिल्या दोन-तीन सीमारेषा शून्यावरच येऊन बसतात.

तिसरा मार्ग जाणकारांचा. भारतीय हवामान विभाग दिवसभरात ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘मुसळधार’, ११५.६ पासून ‘अति मुसळधार’ आणि २०४.५ पासून ‘अत्यंत मुसळधार’ पाऊस मानतो. या सीमांना अर्थ असल्याने त्या उपयुक्त ठरतात. पण किंमत चुकवावी लागतेच. ६४.४ आणि ६४.५ हे शेजारी वेगळ्या घरांत जातात, तर २०५ आणि ९४४ एकाच घरात नांदतात. पुराचा विचार करता ही दुसरी गफलत अधिक गंभीर आहे.

सीमा कुठे असाव्यात, हे विदेलाच विचारता येते. पाणी तुंबलेले व न तुंबलेले दिवस जिथे जास्तीत जास्त स्वच्छ वेगळे होतील, तिथे रेघ ओढायची. फय्याद आणि इराणी यांनी १९९३ मध्ये मांडलेली पद्धत याच धर्तीची आहे. निर्णयवृक्ष तर असे छेद स्वतःच शोधतात. त्यांना आधी चार-पाच कप्पे करून देणे म्हणजे हातातली माहिती फेकून देणे होय. मायक्रोसॉफ्टचे ‘लाइटजीबीएम’ही कप्पे वापरते, पण वेग वाढवण्यासाठी, आणि तेही सहसा २५५ पर्यंत.

एक पथ्य मात्र सर्वच पद्धतींना लागू आहे. सीमा ठरवायच्या त्या शिकवणीसाठी घेतलेल्या वर्षांवरूनच. परीक्षेसाठी राखलेली वर्षे त्यात मिसळली, तर प्रश्नपत्रिका आधीच फुटते आणि मिळालेले गुण फसवे ठरतात.