आईस्क्रीमचा पॉट घेताना आधी डबा पाहा

मे महिन्याची सुट्टी, घरात मामा-खालांची मुले जमलेली आणि पिकलेले हापूस. अशा वेळी हाताने फिरवायचा आईस्क्रीमचा पॉट अजूनही अनेक घरांत माळ्यावरून खाली येतो. काही घरांत यंदा नवा घ्यायचा विचार असतो, कोणी भाड्याने आणतो. दुकानात गेल्यावर आपण लाकडाची चमक पाहतो आणि हँडल फिरवून बघतो. आमचे म्हणणे एवढेच, की पॉटचे सगळे इंगित एका गोष्टीत आहे: बाहेरचे खारे पाणी आतल्या दुधाला कधीही भेटता कामा नये. पॉट निवडतानाही हेच बघायचे आणि पुढे सांभाळतानाही हेच.

वर्गात मुले विचारतात, "सर, मीठ टाकल्यावर बर्फ वितळतो, मग थंडी वाढते कशी?" प्रश्न अगदी योग्य आहे. बर्फाला वितळण्यासाठी उष्णता लागते. मीठ त्याला शून्य अंशाच्या खालीही वितळायला लावते, आणि ही उष्णता तो आजूबाजूने, म्हणजे डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. घरगुती पॉटमध्ये खारे पाणी सहज उणे १० ते १५ अंशांपर्यंत उतरते. क्षारांनी थंडावा मिळवणे आपल्याकडे नवे नाही. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त शोरा वापरून पाणी गार करण्याची रीत दिलेली आहे. हँडलच्या पॉटचे पेटंट मात्र १८४३ साली अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी घेतले. रचना आजही जवळपास तीच आहे: बादली, आत धातूचा डबा, डब्यात पाती आणि वर दातेरी चाके.

आता डबा. स्टेनलेस स्टीलचा मिळत असेल तर दुसरा बघूच नका. ॲल्युमिनियम हलके आणि स्वस्त असते, पण खाऱ्या पाण्याने त्याला बारीक खड्डे पडतात आणि एक दिवस त्यातलाच एखादा आरपार जातो. जस्ताचा मुलामा दिलेला डबा आंबट फळांसाठी नको. दादी-नानीच्या काळातला पितळी डबा घरात असेल तर कल्हई तपासा. कल्हई उडालेल्या पितळेत आंब्याचा किंवा लिंबाचा रस घालणे धोक्याचे. कल्हईवाले चाचा आता मोहल्ल्यात क्वचितच येतात, पण सापडले तर पैसे खर्च करा. अगदी जुन्या डब्याच्या सांध्यांना डाक दिलेला असेल, तर तो शोभेसाठी ठेवावा, कारण अशा डाकात शिसे असू शकते आणि खाणारी बहुतेक मुलेच असतात.

गळतीची परीक्षा घरी सहज होते. कोरडा डबा झाकण लावून पाण्याच्या बादलीत दोन तृतीयांश उंचीपर्यंत बुडवा, तरंगू नये म्हणून हाताने दाबून किंवा वर वजन ठेवून अर्धा तास राहू द्या. नंतर बाहेरून पुसून आत बोट फिरवा. ओल लागली तर तो डबा नको. दुकानदार नवा डबा पाण्यात घालू देत नसेल तर निदान परत घेण्याची हमी मागा.

दुसरी जागा म्हणजे बादलीच्या कडेचे भोक. ते डब्याच्या झाकणापेक्षा खाली असलेच पाहिजे. वितळलेले पाणी वाढत जाते, ते झाकणापर्यंत चढण्याआधी या भोकातून वाहून जावे यासाठीच ते असते. पाणी फरशीवर सांडते म्हणून कित्येक जण त्यात चिंधी कोंबतात! खारट आईस्क्रीमचे मूळ बऱ्याचदा या चिंधीत असते. भोकाखाली एखादे घमेले ठेवा, काम झाले.

पातीच्या लाकडी कडा डब्याच्या भिंतीला घासल्या पाहिजेत. मध्ये फट राहिली तर भिंतीवर बर्फाचा थर धरतो आणि मधे दूध पातळच राहते.

बादली लाकडी घ्यावी की प्लास्टिकची? सागवानी बादली दिसते छान आणि थंडावाही धरते. पण वर्षातून एकदाच काढणार असाल तर आमचे मत प्लास्टिकच्या बाजूने आहे. लाकूड सुकले की फळ्यांमध्ये फटी पडतात. लाकडी असेल तर वापरण्याच्या आदल्या रात्री पाण्याने भरून ठेवा, लाकूड फुगते आणि फटी मिटतात. मोटरचे पॉटही मिळतात, पण खारे पाणी आणि वीज शेजारी शेजारी, त्यातून भोवती मुले. घरात हात फिरवणारे चारजण असताना मोटर कशाला?

माप विचारून घ्या. चार लिटरचा पॉट म्हणजे डबा चार लिटरचा, त्यात मिश्रण दोन तृतीयांशच भरायचे, कारण फिरवताना हवा मिसळून ते फुगते. तीसेक छोट्या वाट्या होतात. त्यासाठी साधारण १० किलो बर्फ आणि दोन किलो खडे मीठ धरा. बारीक मीठ झटकन विरघळून खाली बसते, म्हणून खडेच बरे. बर्फ मात्र खाण्याचाच घ्या. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ साली लागू झाला. "बाहेरच तर लावायचा आहे" असे म्हणून निळा बर्फ आणू नका, तोच हात झाकणाला लागतो. दूध उकळून, फ्रिजमध्ये पूर्ण गार करूनच डब्यात घाला. गोठल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात.

वीस-पंचवीस मिनिटांत हँडल जड झाले की थांबा. झाकण उघडण्याआधी भोवतालचा बर्फ खाली सारा आणि झाकण स्वच्छ फडक्याने पुसा. घाई करतो आपण इथेच. मुलांना तो खारा बर्फ हातात धरू देऊ नका, कातडी भाजल्यासारखी होते.

मेहमान गेल्यावर पॉट सकाळपर्यंत तसाच ठेवला तर मीठ रात्रभर काम करते. लोखंडी पट्ट्या, दातेरी चाके, डब्याचे बूड, सगळे त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवा. डबा आणि पाती गरम पाण्याने वेगळी. बादली सावलीत वाळवा, कडक उन्हात ती तडकते. चाकांना खोबरेल लावू नका, ते थंडीत थिजते. औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफीन दोन थेंब पुरते. ठेवताना डब्याचे झाकण उघडे असू द्या, पावसाळ्यात बंद डब्यात वास धरतो. आणि उरलेले खारे पाणी कुंडीत किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका, झाड जळते. ते मोरीतच जाऊ द्या.