रिकाम्या कोठारांची साक्ष

‘ब्रिटिश हार्ट जर्नल’, ऑक्टोबर १९४९. पान ३५० ते ३५५. या सहा पानांत मुंबईच्या एका अडतीस वर्षांच्या पारशी डॉक्टरने पन्नास रुग्णांचा रक्तदाब मोजून मांडला आहे. शैली कोरडी आहे. एक मूळ वाळवून, कुटून, त्याच्या गोळ्या करून दिल्या, आकडे असे उतरले, त्रास असे झाले, एवढंच सांगणं. मूळ सर्पगंधेचं, लेखक डॉ. रुस्तम जाल वकील. रक्तदाबाच्या औषधांचा आधुनिक इतिहास सांगू लागलं की या सहा पानांशी थांबावंच लागतं. तरीही आपल्याकडे सर्पगंधेचं कौतुक करणाऱ्या दहा जणांपैकी नऊ जण वकीलांचं नाव घेत नाहीत. त्यांना थेट चरकापाशी जाऊन पोचायचं असतं.

त्या काळात रक्तदाबावर होतं तरी काय? १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरने नोंदवलेला रक्तदाब होता ३००/१९०. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला देता येईल असं एकही धड औषध तेव्हा नव्हतं. रुग्णाला नुसत्या भात-फळांवर ठेवायचं, नाहीतर पाठ उघडून चेतातंतूंची साखळीच कापून टाकायची, असे उपाय चालत. ‘रक्तदाब वाढतो तो शरीराच्या गरजेपोटी, त्याला हात लावू नये’ असं मानणारे मोठमोठे डॉक्टरही होते.

मूळ मात्र जुनंच. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात सापाच्या विषावरच्या तीन मुळ्यांची चर्चा केली आहे. त्यांतली एक सर्पगंधा असावी असं अभ्यासक मानतात. (हाच ओर्ता मुंबई बेटाचा भाडेपट्टेदार होता. वकीलांच्या मुंबईशी या मुळाचा असाही एक धागा.) वनस्पतीला शास्त्रीय नाव मिळालं ते ऑग्सबर्गच्या राउवोल्फ नावाच्या वैद्याचं, ज्याने भारत कधी पाहिला नाही. बिहारमध्ये लोक तिला सरळ ‘पागल की दवा’ म्हणत आणि माथं भडकलेल्या माणसाला मूळ उगाळून देत.

१९३१ हे वर्ष या गोष्टीत दोनदा येतं. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळातून पाच अल्कलॉइडं स्फटिकरूपात वेगळी काढली. त्यांतल्या काहींना त्यांनी कॉलेजचे संस्थापक हकीम अजमल खान यांचं नाव दिलं: अजमलिन, अजमलिनिन, अजमलिसिन. त्याच साली कलकत्त्यात कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी एका वैद्यकीय मासिकात लेख लिहून, वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवरचं नवं भारतीय औषध म्हणून या मुळाचा पुकारा केला. एक आयुर्वेदाचा पंडित, एक ॲलोपॅथीचा डॉक्टर, दोघांची सही एका लेखाखाली. पुढे या औषधाने जे जे केलं त्याची दोन्ही टोकं त्या लेखात होती. जगाने मात्र तो वाचला नाही.

इथे रसायनशास्त्राची एक गंमत घडली. स्फटिक मिळाले म्हणजे औषधाचा गाभा हाती आला, असा त्या काळचा समज. पण सिद्दिकींचे सुंदर स्फटिक आणि रुग्णाला येणारी गुंगी यांचा मेळ बसेना. १९४० नंतरच्या काही वर्षांत कलकत्त्याच्या औषधशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की झोप आणणारा गुण स्फटिकांत नाहीच. तो मागे उरलेल्या चिकट, तपकिरी राळेत आहे. म्हणजे ज्याला गाळ समजून बाजूला सारलं, तोच ऐवज होता. ही बातमीही कलकत्त्याच्या बाहेर फारशी गेली नाही.

बाजार मात्र थांबला नव्हता. हिमालया कंपनीने १९३४ साली मुळाच्या गोळ्या ‘सर्पिना’ नावाने आणल्या आणि देशभरचे डॉक्टर त्या लिहून देऊ लागले. वकील लंडनमध्ये शिकून मुंबईत परतले आणि केईएम रुग्णालयात मानद डॉक्टर म्हणून काम करू लागले, तेव्हा ही गोळी त्यांच्या हाताशी आयतीच होती. त्यांनी ती शोधली नाही. तसा दावाही त्यांनी केला नाही.

मग त्यांचं मोठेपण कशात? मोजण्यात. रक्तदाब नावाचा विकार मुळात मोजमापातून जन्मलेला आहे. १८९६ साली रिवा-रोची या इटालियन डॉक्टरने दंडाला पट्टा गुंडाळला, त्याआधी तो आकडा दवाखान्यात क्वचितच कुणाला दिसे. तेव्हा ‘आपल्या पूर्वजांना बीपीचं औषध माहीत होतं’ या वाक्याला अर्थ नाही. पूर्वजांना भडकलेलं माथं शांत करणारं मूळ माहीत होतं. ते मूळ पाऱ्याची पातळी खाली आणतं, हे पट्टा गुंडाळून रोज लिहून ठेवल्याशिवाय सिद्ध होत नाही. वकीलांनी ते लिहून ठेवलं आणि जिथे हृदयरोगतज्ज्ञ वाचतील अशा ठिकाणी छापलं.

बोस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो लेख वाचला, औषध वापरून पाहिलं आणि त्यांना वेगळंच काही जाणवलं: रक्तदाब बेताचाच उतरतो, पण रुग्ण कमालीचे निवांत होतात. तिकडे बाझेलच्या सिबा कंपनीत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी त्या बदनाम राळेतूनच १९५२ साली खरा ऐवज वेगळा काढला. नाव ठेवलं रेसर्पिन. पुढच्याच वर्षी तो ‘सर्पासिल’ म्हणून बाजारात आला. आता मुळाच्या भुकटीऐवजी मिलिग्रॅमच्या अंशात औषध देता येत होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते शेकडो रुग्णांना दिलं. फुटक्या तावदानांच्या जागी काचा बसवणारा कारागीर विचारायला आला म्हणे, की हल्ली काचा का फुटत नाहीत? ही गोष्ट क्लाइन स्वतः सांगत. १९५७ सालचा लास्कर पुरस्कार वकील आणि क्लाइन यांच्यासह सहा जणांत वाटला गेला. सेन आणि बोस त्या यादीत नव्हते.

औषध लागू पडतं हे कळलं. ते शरीरात नेमकं करतं काय? या प्रश्नावर जी भांडणं झाली, ती औषधापेक्षाही मोलाची ठरली.

अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांची प्रयोगशाळा तेव्हा औषधशास्त्राची पंढरी होती. तिथे अत्यल्प रसायनंही प्रकाशाच्या साह्याने मोजणारं नवं यंत्र होतं. १९५५ साली ब्रोडी, प्लेचर आणि शोर यांनी दाखवलं की रेसर्पिन दिलेल्या प्राण्याच्या मेंदूतलं सेरोटोनिन जवळपास नाहीसं होतं. औषधाने वागणूक बदलते आणि त्याच वेळी मेंदूतलं एक रसायन आटतं, अशी जोडी पहिल्यांदाच समोर आली होती. त्याच सुमारास स्वीडनहून आलेला अरविद कार्लसन तिथे पाच महिने शिकत होता. त्याने सुचवलं, नॉरॲड्रेनॅलिन हे मेंदूतलं दुसरं रसायनही मोजून पाहू या. ब्रोडींना त्यात राम वाटला नाही. त्यांच्या लेखी सारा खेळ सेरोटोनिनचा होता.

कार्लसन लुंडला परतला आणि हिलार्प या सहकाऱ्याबरोबर त्याने ते मोजलं. नॉरॲड्रेनॅलिनही आटलेलं होतं. मग १९५७ साली त्याने तो प्रसिद्ध प्रयोग केला. रेसर्पिन दिलेले ससे कान पाडून, डोळे मिटून, दगडासारखे बसलेले. सेरोटोनिन ज्यापासून बनतं ते रसायन टोचलं, तर काही फरक नाही. नॉरॲड्रेनॅलिन ज्यापासून बनतं ते एल-डोपा टोचलं आणि काही मिनिटांत ससे उठून हिंडू लागले. मेंदू तपासला तर आणखी कोडं: ससे जागे झाले, पण नॉरॲड्रेनॅलिन वाढलेलं नव्हतंच. वाढलं होतं डोपामिन, जे तोवर एल-डोपापासून नॉरॲड्रेनॅलिन बनण्याच्या वाटेतलं एक किरकोळ स्टेशन समजलं जाई. पुढच्या वर्षी कार्लसनने दाखवलं की रेसर्पिन डोपामिनही आटवतं आणि एल-डोपा ते परत आणतं.

१९६० साली लंडनच्या परिषदेत त्याने हे मांडलं, तेव्हा सर हेन्री डेल यांच्यासारख्या नोबेलविजेत्या बुजुर्गांनी नाकं मुरडली. एल-डोपा हे विष आहे, असा डेल यांचा सूर होता. त्याच साली व्हिएन्नात होर्निकिएविच यांना कंपवाताने मेलेल्यांच्या मेंदूत डोपामिनचा दुष्काळ सापडला. त्या ‘विषा’वर आज जगभरच्या कंपवाताच्या रुग्णांचे हातपाय चालतात आणि कार्लसनला २००० साली नोबेल मिळालं. भारतीय रस्त्यांवरचं ‘पागल की दवा’ नसतं, तर ते ससे असे बसले नसते.

आज आपल्याला यंत्रणा ठाऊक आहे. चेतातंतूच्या टोकाशी इवल्याशा पिशव्या असतात. त्यांना धान्याच्या कणग्या समजा. नॉरॲड्रेनॅलिन, डोपामिन, सेरोटोनिन त्यांत भरून ठेवलेलं असतं आणि इशारा येताच बाहेर सांडतं. कणगी भरणारा एक प्रथिनाचा पंप असतो. रेसर्पिन त्या पंपाच्या तोंडात असं रुतून बसतं की निघता निघत नाही. बाहेर उघड्यावर राहिलेला माल पेशीतलं विकर खाऊन टाकतं. कणग्या रिकाम्या. मग मेंदूकडून ‘रक्तवाहिन्या आवळा’ असा हुकूम आला तरी पाठवायला काही उरत नाही. वाहिन्या सैल राहतात आणि रक्तदाब उतरतो.

औषधाचे सगळे स्वभाव यातून उलगडतात. असर यायला दिवस लागतात, कारण कोठार हळूहळू रितं होतं. गोळी बंद केली तरी असर रेंगाळतो, कारण नव्या कणग्या घडाव्या लागतात. नाक चोंदतं, कारण नाकातल्या वाहिन्याही आवळत नाहीत. हातपाय थरथरतात, कारण डोपामिन गेलं. गुण आणि दोष एकाच दारातून येतात.

सर्वांत वादग्रस्त दोष होता उदासी. १९५४ साली वॉशिंग्टनचे एडवर्ड फ्राइस यांनी मोठ्या मात्रेत रेसर्पिन घेणारे पाच रुग्ण नैराश्यात गेल्याचं लिहिलं. अशा नोंदी वाढल्या आणि त्यांतून ‘मेंदूतली ही रसायनं कमी झाली की माणूस खचतो’ हा विचार उभा राहिला, ज्यावर नैराश्याच्या औषधांची पुढची पिढी वाढली. पण १९५५ सालीच लंडनच्या डेव्हिस आणि शेपर्ड यांनी चिठ्ठ्या टाकून गट पाडले आणि खिन्न, चिंताग्रस्त रुग्णांना रेसर्पिन देऊन पाहिलं. त्यांना ते उलट उपयोगी पडलं. तो लेख बाजूला पडला. सोयीचा सिद्धान्त तयार असला की गैरसोयीचा प्रयोग कसा विसरला जातो, याचं इतकं चोख उदाहरण वैद्यकात क्वचित मिळतं. मात्रा मोठ्या होत्या हेही लोक विसरले. पुढे त्यांच्या काही अंशांवर काम भागू लागलं.

स्वतः फ्राइस यांनी मात्र औषध टाकलं नाही. १९६७ साली त्यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकी माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या चाचणीचा निकाल आला. खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. अर्ध्यांना नुसती दिखाऊ गोळी, अर्ध्यांना तीन औषधं एकत्र: लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रॅलेझिन आणि रेसर्पिन. दिखाऊ गोळीच्या गटात २७ जणांवर गंभीर संकट ओढवलं, चौघे दगावले. औषधाच्या गटात संकटं दोन, मृत्यू शून्य. रक्तदाब उतरवल्याने माणूस वाचतो, याचा हा पहिला पक्का पुरावा. ‘वाढलेल्या रक्तदाबाला हात लावू नये’ म्हणणाऱ्यांचं तोंड त्या दिवशी बंद झालं आणि त्या पुराव्यात सर्पगंधेचा वाटा एक तृतीयांश होता.

भारतात तर ‘ॲडेल्फेन’ हे नाव घराघरांत होतं. रेसर्पिन आणि डायहायड्रॅलेझिनची ती स्वस्त गोळी आजोबांच्या चष्म्याच्या घराशेजारी असायची. ती घेऊन नाक चोंदलं तर आजी सुंठ उगाळायची, आणि दोष गोळीचा आहे हे कुणाच्या गावीही नसे.

मग आला सप्टेंबर १९७४. ‘लॅन्सेट’च्या एकाच अंकात तीन शोधनिबंध: रेसर्पिन घेणाऱ्या स्त्रियांना स्तनाचा कर्करोग अधिक. वृत्तपत्रं भडकली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वकील वारले, त्रेसष्टाव्या वर्षी. पुढच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. येलचे अल्व्हान फाइनस्टाइन यांनी चूक दाखवून दिली: तुलनेच्या गटातून हृदयविकाराच्या स्त्रिया वगळल्या होत्या, म्हणजे रेसर्पिन घेणाऱ्याच बाजूला काढल्या होत्या, मग कर्करोगाच्या पारड्यात रेसर्पिन जड दिसणारच. पण तोवर नव्या, महागड्या गोळ्यांनी बाजार काबीज केला होता. स्वस्त, पेटंट नसलेल्या औषधाची बाजू लढवायला कुणी वकील उरला नव्हता.

तरी मूळ संपलं नाही. जंगलं ओरबाडली गेल्याने १९९० पासून सर्पगंधेच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. त्याच पंपाला हलक्या हाताने अडवणारी टेट्राबेनाझिनसारखी औषधं आता हंटिंग्टन रोगातल्या अनावर हालचालींवर वापरतात. आणि सिद्दिकींचं ते निरुपयोगी ठरवलेलं अजमलिन? हृदयाच्या पेशीतली सोडियमची वाट ते थोडा वेळ रोखतं. धडधाकट तरुणाला झोपेत गाठणारा ब्रुगाडा नावाचा छुपा दोष असल्याची शंका आली, तर युरोपातल्या रुग्णालयांत त्या तरुणाला टेबलावर आडवं करतात, छातीला तारा लावतात आणि शिरेतून अजमलिन सोडतात. पडद्यावरची रेघ ठरावीक जागी वर उचलली गेली की निदान होतं. सुई टोचणाऱ्या डॉक्टरच्या हातातल्या कुपीवर दिल्लीच्या हकीमसाहेबांचं नाव असतं.