प्रोग्रामला पेटंट मिळतं का?

मित्रहो, आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. शुद्धलेखन सांभाळून घ्या!

गेल्या महिन्यात औरंगपुऱ्यात वह्या घेताना माझी प्रोजेक्ट पार्टनर म्हणाली, "आपल्या मशीनचं पेटंट घेऊ या का?" आमचं मशीन धान्य आपोआप तोलून पिशवीत भरतं. लोडसेल वजन सांगतो, प्रोग्राम झडप बंद करतो. झडप मिटल्यावरही थोडे दाणे हवेत असतातच. तेवढा अंदाज धरून प्रोग्राम झडप किंचित आधी मिटवतो. मेसमध्ये एक सीनियर म्हणाला, "सॉफ्टवेअरला भारतात पेटंट नसतं, सोडा." मग मी लायब्ररीत ठाण मांडलं.

जिन्नस आपोआप तोलून देणारं यंत्र मुंबईच्या शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडलं आणि लंडनच्या स्पर्धेत बक्षीस मिळवलं. तेव्हा कॉम्प्युटरच नव्हता, त्यामुळे आमच्यासारखा प्रश्न त्यांना पडला नाही!

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने कलम ३(के) आलं. गणिती किंवा व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि 'निव्वळ' कॉम्प्युटर प्रोग्राम यांना पेटंट नाही. सगळी मेख त्या 'निव्वळ' शब्दात आहे. फेरिद अल्लानी प्रकरणात दिल्ली हायकोर्टाने डिसेंबर २०१९ मध्ये सांगितलं, की प्रोग्राममुळे तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक भर दिसत असेल, तर केवळ प्रोग्राम आहे म्हणून अर्ज नाकारता येत नाही. अमेरिकेत १९८१ च्या डीअर खटल्यात रबर साच्यात किती वेळ ठेवायचं हे अऱ्हेनियसच्या समीकरणावरून कॉम्प्युटर ठरवत होता. समीकरण कोणाच्याच मालकीचं नाही, पण रबर पक्कं करायची ती पद्धत पेटंटला पात्र ठरली.

म्हणजे सीनियरचं अर्धंच बरोबर होतं. आमचा कोड नाही, पण वजनातली चूक कमी करणारी पद्धत परीक्षकापुढे ठेवता येते. तो तीन गोष्टी बघतो: नवीन आहे का, त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखी तर नाही ना, आणि उद्योगात वापरता येते का. आक्षेपांचा रिपोर्ट आला की उत्तराला सहा महिने मिळतात.

आम्ही जुनी पेटंट चाळली आणि तोंडं उतरली. हवेतल्या दाण्यांची युक्ती जुनीच निघाली! मात्र ओलसर धान्य झडपेला चिकटतं, त्यावरचा आमचा उपाय अजून कुठे सापडला नाही. तोच पोस्टर करून शनिवारी टेकफेस्टमध्ये लावणार होतो. पण आधी जाहीर केलं तर नवेपणाच जातो. म्हणून आम्ही नाव मागे घेतलं. बक्षीस गेलं, रूममेट्स हसल्या. आता प्रोव्हिजनल अर्ज लिहितोय. तो दिला की पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात.

पेटंट मिळेल का, माहीत नाही. पण मित्रांनो, फायनल इयरचं पोस्टर लावण्याआधी एकदा सरांना विचारा. लावलेलं पोस्टर काढता येतं, बघितलेलं कोणी विसरत नाही.