वरचा मजला भाड्याने देणे आहे

छावणी ओलांडून दौलताबाद-वेरूळच्या रस्त्याला लागलं की पडेगाव येतं. छत्रपती संभाजीनगरच्या या पश्चिम टोकाला कितीतरी घरांच्या गच्चीवर सळया उघड्या ठेवलेल्या दिसतात. निवृत्तीचा फंड हातात आला किंवा गावाकडचं वावर विकलं की त्यावर आणखी दोन खोल्या चढतात, बाहेरून जिना निघतो आणि गेटला पाटी लागते. शहराच्या आतल्या भागापेक्षा भाडं कमी म्हणून वाळूजच्या कंपन्यांतले कामगार, विद्यापीठात शिकणारी मुलं, नुकतीच लग्नं झालेली जोडपी इकडे घर शोधतात. घरमालकाला वाटतं, म्हातारपणाची सोय झाली. सोय होते, पण भाड्याचं घर ही बँकेतली ठेव नव्हे. ते रोजचं काम आहे, आणि इथे तर त्याची सुरुवात कागद आणि पाण्यापासून होते.

आधी हिशेब. समजा 30 लाखांचा फ्लॅट घेतला आणि महिना 8,000 भाडं मिळालं. वर्षाचे 96,000, म्हणजे 3.2 टक्के. भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामं राहिलं तर 88,000 उरतात. त्यातून घरपट्टी, रंग, मोटारीची दुरुस्ती, एजंटचं कमिशन. त्याच फ्लॅटसाठी साडेआठ टक्क्यांनी 20 लाखांचं कर्ज 20 वर्षांसाठी घेतलं असेल, तर हप्ता 17,000 च्या वर जातो. भाड्यातून त्याचा निम्मा भागही भरला जात नाही. आयकरात, मालकाने भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, हा थोडा दिलासा. म्हणून कर्ज काढून फ्लॅट घ्यायचा आणि भाड्यावर फेडायचा, हा बेत पडेगावात तरी मला पटत नाही. राहत्या घरावर मजला चढवण्याचं गणित वेगळं आहे. तिथे जागेचे पैसे आधीच फिटलेले असतात.

पण ती जागा कोणती? पडेगाव-मिटमिट्यातल्या अनेक वसाहती गुंठेवारीतल्या. शेतजमिनीचे 20 बाय 30 चे तुकडे पडले, बॉण्डपेपरवर व्यवहार झाले, पैसे दिले, ताबा घेतला, घर बांधलं. मंजूर रेखांकन नाही, बांधकाम परवानगी नाही. महाराष्ट्राचा गुंठेवारी कायदा 2001 चा. 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला नियमित होण्याची संधी दिली. शुल्क भरून फाइल पूर्ण करणारे सुटले. बाकीच्यांना बँक सहसा दारात उभं करत नाही, आणि विकायला काढलं तर गिऱ्हाईक किंमत पाडून मागतं.

2025 च्या पावसाळ्यात महापालिकेने शहरात येणारे मोठे रस्ते रुंद करण्याची मोहीम काढली. मुकुंदवाडी, पैठण रोड यांच्याबरोबर पडेगाव-मिटमिट्याच्या रस्त्यावरही जेसीबी फिरले. रस्त्यालगतच्या गाळ्याला चांगलं भाडं येतं म्हणून लोकांनी पुढची जागा गाळ्यांत घातली होती. अशा गाळ्यावर हातोडा पडला की मालकाचं उत्पन्न जातं आणि त्यात दुकान थाटलेल्या भाडेकरूचा धंदाही जातो. मग डिपॉझिट परत करायचं कुठून? विकास आराखड्यात समोरचा रस्ता किती मीटरचा आहे, हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारता येतं. गाळा बांधणाऱ्याने आणि तो भाड्याने घेणाऱ्यानेही हे विचारायलाच हवं.

आता पाणी. जायकवाडी इतकं जवळ असूनही या शहराच्या नळाला कैक दिवसांआड पाणी येतं. 2019 मध्ये 1,680 कोटींची नवी योजना मंजूर झाली, डिसेंबर 2020 मध्ये तिचं भूमिपूजन झालं, पुढे खर्च 2,740 कोटींवर गेला. दरम्यान घरमालक आणि भाडेकरू यांच्यात भांडण पेटतं ते हौदावरून. नळ एक, हौद एक, गच्चीवर टाक्या दोन. पाणी रात्री अकराला आलं की खालून आवाज जातो, "पाणी आलं बरं का!" वरून उत्तर येतं, "काकू, आमची टाकी अजून अर्धीच आहे, मोटार बंद करू नका." उन्हाळ्यात बोअर आटलं की टँकर येतो, आणि त्याचे पैसे कोणी किती द्यायचे, हे भाडं ठरवताना बोललेलंच नसतं. माणसं आणि पाहुणे मोजण्यापर्यंत गोष्ट जाते. यावर साधा इलाज आहे: टाक्या वेगळ्या, मोटारीचं बिल सबमीटरवर, टँकरचा वाटा करारात लिहिलेला. भाडं थकलं म्हणून नळ किंवा वीज तोडणं मात्र घरमालकाला कायद्यानेच मना आहे. महावितरणचं मीटर मालकाच्या नावावर असतं, त्यामुळे भाडेकरू बिल थकवून गेला तरी वसुली मालकाच्याच दारी येते. दर महिन्याला बिल भरल्याचं पाहून घेणं हाच मार्ग.

कचऱ्याचा प्रश्नही इथलाच. मार्च 2018 मध्ये कचरा टाकण्यावरून मिटमिट्यात दगडफेक आणि लाठीमार झाला. नंतर पडेगावात प्रक्रिया केंद्र उभं राहिलं. घर घेण्याआधी एकदा वाऱ्याच्या दिवशी त्या घरापाशी उभं राहून यावं.

घरमालकांना सर्वांत मोठी भीती वाटते ती भाडेकरू घर बळकावील याची. मराठवाड्यात तिला इतिहास आहे. इथे 1954 चा हैदराबाद भाडे नियंत्रण कायदा होता. तो जाऊन 31 मार्च 2000 पासून संपूर्ण राज्याला एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्याच्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे. तरीही स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून काम भागवलं जातं. "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी लागत नाही," हे वाक्य राज्यभर ऐकू येतं आणि ते महाराष्ट्रात चुकीचं आहे.

नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार असेल तर मुदत संपूनही राहत्या घरातून न हलणाऱ्याविरुद्ध कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट शुल्क मागता येतं. जात किंवा धर्म विचारून घर नाकारणाऱ्याला असं कोणतंच संरक्षण मिळत नाही. तो फक्त चांगले भाडेकरू घालवतो. भाडं वेळेवर देणारा कोण, हे आडनावावरून कळत नाही. त्यासाठी आधीच्या घरमालकाला एक फोन करावा, कामाचं ठिकाण पाहावं आणि पोलिस ठाण्यात माहिती द्यावी.

महिना 7,000 भाडं, 20,000 डिपॉझिट आणि 11 महिन्यांच्या कराराला मुद्रांक शुल्क पाव टक्क्याने 200 रुपयांच्या आसपास येतं, शहरात नोंदणी फी 1,000. दिवाळीनंतर घरात नवा भाडेकरू येणार असेल, तर पहिल्या महिन्याचं भाडं हातात घेण्याआधी एवढा खर्च करा, आणि कराराची एक प्रत भाडेकरूच्या हातात द्या.