शपथ आणि पाय

माझ्या थोरल्या भावाने कळंबच्या चिंतामणीसमोर दारू सोडण्याची शपथ घेतली. ती अकरा दिवस टिकली. बाराव्या दिवशी बाजारातून परतताना तो देशीच्या दुकानाकडे वळला. मी रागावलो तेव्हा म्हणाला, "आता मजा नाही येत रे, पण पाय तिकडंच वयतात." मला ती सबब वाटली. पुढे जमेल तसे वाचत गेलो, तेव्हा त्याचे बोलणे शब्दशः खरे असल्याचे कळले.

वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत, रसाचा घोट मिळताच मेंदूतील डोपामाइनच्या पेशी उत्तेजित होत. सवय झाल्यावर त्या रसाला नव्हे, रसाआधीच्या खुणेला प्रतिसाद देऊ लागल्या. दारुड्यासाठी दिवेलागण, तो वास, ते वळण याच खुणा. 'आवडणे' आणि 'हवेसे वाटणे' यांच्या मेंदूतील यंत्रणा वेगळ्या आहेत, हे केंट बेरिज यांनी दाखवले. व्यसनात आवड ओसरली तरी ओढ वाढतच जाते. तिला आवर घालणारा कपाळामागचा भाग वर्षानुवर्षांच्या दारूने दुबळा होतो. शपथ घेतो तो हाच भाग.

दारू मेंदूला शांत करते, म्हणून मेंदू स्वतःची उत्तेजना वाढवून तोल सांभाळतो. दारू एकाएकी तुटली की ती उत्तेजना मोकाट सुटते. हात थरथरतात, झोप उडते, भास होतात, झटके येतात. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून दारू तोडणे जिवावर बेतू शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. दारू सुटल्यावर काही महिन्यांत मेंदू बराच सावरतो, हा दिलासाही खरा आहे.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, यवतमाळात नाही. पण गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'ला मत दिले, तर परवान्याचे दुकान बंद करता येते. चोरटी दारू त्याने थांबत नाही, उपचारांची गरजही संपत नाही. तरी रोजच्या वाटेवरची एक खूण पुसली जाते. दुकान वाटेतून हटवा, असे बायका सांगतात ते मेंदूच्या शास्त्राला धरूनच आहे.

भाऊ आज नाही. आम्ही त्याला शपथा घालत राहिलो. दवाखान्यात कधी नेले नाही, आणि बाजारालाही त्याच वाटेने पाठवत राहिलो.